सोमवारी दुखणारे डोके

१८५७ चा उठाव शिकवताना मी गेली अठ्ठावीस वर्षे फळ्यावर दोन रकाने पाडत आलो आहे. एकात मूलभूत कारणे लिहायची, दुसऱ्यात तात्कालिक कारण. काडतुसे दुसऱ्या रकान्यात जातात. काडतुसे आली म्हणूनच उठाव झाला, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे मी गुण कापतो. ठिणगी आणि दारूगोळा यांतला हा भेद पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोकून घेणाऱ्या मला, माझ्याच वर्गातील एका मुलाच्या डोकेदुखीपुढे तो भेद सुचला नाही. या स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीचा गौरव करणारा लेख लिहावा, अशी समितीची सूचना होती. गौरव इतरांनी लिहिला आहेच आणि तो यथार्थ आहे. मी दुसरे काही लिहितो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतील एक मुलगा, चलाख, वळणदार अक्षराचा, इतिहासात नेहमी पहिल्या तिघांत. त्याचे डोके दुखत असे. दुखू लागले की तो बाकावर कपाळ टेकवून बसे, खिडकीकडे पाहणे टाळी, कधी त्याला उलटी होई. दोन-तीन तास झोपून उठला की तोच मुलगा संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे. हा संध्याकाळचा खो-खो मला खटकत असे. शेवटी मी हजेरीपट घेऊन बसलो. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने नोंदी ताडून पाहण्याची खोड आहे. दुखणे बहुधा सोमवारी येते, घटक चाचणी संपली की दुसऱ्या दिवशी येते, दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात येते, असे स्पष्ट दिसले. इतका स्वच्छ पुरावा हाती आल्यावर मी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : सबबी सांगण्याची सवय आहे.

त्याच वर्षी भीमजयंतीच्या सप्ताहात आपल्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम झाला. सकाळी सहा ते रात्री बारा. सभागृहात बाबासाहेबांची प्रतिमा, तिच्यापुढे ओळीने बसलेली दीडशे मुले, आणि पर्यवेक्षक म्हणून मी. दुपारी चारच्या सुमारास या मुलाने बाहेर जाण्याची परवानगी मागितली. डोके दुखते म्हणाला. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “बाबासाहेबांना डोके नव्हते काय रे?” सभागृह हसले. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. पाच वाजता पुस्तकावरच त्याला उलटी झाली.

त्याला न्यायला त्याची आई आली. शेतमजुरी करणारी बाई. मला म्हणाली, “गुरुजी, माझंबी असंच हुतंय. फडकं गच्च बांधून मी कामाला जाती. ह्याला कसं जमावं?” मे महिन्यात त्या मायलेकरांनी जिल्ह्याच्या गावी एका मेंदूविकारतज्ज्ञाला गाठले, आणि जूनमध्ये मुलगा परतला तो एक वही घेऊन. वहीत डॉक्टरांनी रकाने आखून दिले होते : रात्री झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, काय आणि केव्हा खाल्ले, पाणी किती, ऊन किती, डोके केव्हा दुखले आणि किती वेळ. आठवड्याच्या शेवटी वर्गशिक्षकाने सही करायची होती. म्हणजे मी.

दोन महिने मी त्या वहीवर सह्या केल्या, आणि माझाच पुरावा मला नव्याने वाचावा लागला. शनिवारी रात्री वसतिगृहात दूरदर्शन संचावर चित्रपट असे, झोपायला बारा वाजत. रविवारी मुले नऊला उठत, तोवर नाश्त्याची भांडी घासून झालेली असत. मग दुपारपर्यंत उन्हात क्रिकेट. या सगळ्याची वसुली सोमवारी होत असे. चाचणीच्या आठवड्यात झोप कमी, ताण अधिक. हा आजार ताण चढताना जसा डोके वर काढतो, तसाच ताण उतरतानाही काढतो, म्हणून चाचणी संपल्यावरचा दिवस वाईट. आणि खो-खो? मोठ्यांचा झटका दिवसभर, प्रसंगी तीन दिवस रेंगाळतो, मुलांचा मात्र दोन-तीन तासांत, विशेषतः झोप लागली की, ओसरू शकतो. म्हणून तो संध्याकाळी मैदानावर असे. पुरावा खरा होता. अनुमान माझे होते.

मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो. मुलांच्या बाबतीत हा शब्दच आपली फसगत करतो. अर्धे डोके दुखणे हे मोठ्यांचे लक्षण. मुलांमध्ये पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजू दुखतात, म्हणून घरचे म्हणतात, ही काही अर्धशिशी नव्हे, चष्म्याचा नंबर आला असेल. डोळे तपासले जातात, नंबर नसतो, आणि मुलावर ढोंगाचा शिक्का अधिकच घट्ट बसतो. वस्तुतः हा मेंदूचा आजार आहे आणि पुष्कळ घरांत तो आनुवंशिक असतो. अशा व्यक्तीचा मेंदू बदलाला तीव्रतेने प्रतिसाद देतो. कुणाला आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. कुणी आदल्या संध्याकाळपासून जांभया देते, चिडचिड करते. शाळकरी वयात दर दहा मुलांमागे साधारण एकाला हा त्रास असतो. साठ मुलांच्या वर्गात पाच-सहा. त्यांपैकी आपल्याला किती ठाऊक असतात?

आता फळ्यावरचे दोन रकाने पुन्हा काढू. वारशाने आलेली मेंदूची ही घडण मूलभूत कारण. ती मुलाने निवडलेली नाही आणि आपण ती बदलू शकत नाही. दुसऱ्या रकान्यात येतात ती तात्कालिक कारणे : चुकलेले जेवण, अपुरी किंवा अतिरिक्त झोप, पाणी कमी, ऊन, प्रखर उजेड, गोंगाट, उग्र वास, ताण, पाळी. यांतले एकटे एखादे निमित्त बहुधा खपून जाते. दोन-तीन एकत्र आली की उंबरठा ओलांडला जातो. म्हणूनच तेच ऊन एका दिवशी सोसते आणि दुसऱ्या दिवशी सोसत नाही, आणि पाहणाऱ्याला ते लहरीपणाचे वाटते. आणि या दुसऱ्या रकान्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी निवासी शाळेत मुलाच्या हाती नसतातच. त्या वेळापत्रकाच्या हाती असतात, आणि वेळापत्रक आपण करतो.

भुकेचेच पाहा. घरी राहणाऱ्या मुलाला भूक लागली तर ते डब्यातून लाडू काढते, नाही तर भाकरीचा तुकडा मोडते. वसतिगृहातील मुलाला घंटेची वाट पाहावी लागते. आपल्याकडे रात्रीचे जेवण सात वाजता, सकाळचा नाश्ता आठ वाजता. मधले तेरा तास पोटात काही नाही, आणि त्या तेरा तासांच्या अखेरीस कवायत आणि अभ्यासिका. नाश्त्याला उशीर झाला की शिक्षा म्हणून नाश्ता बंद, ही प्रथा मी स्वतः राबवली आहे. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी, असा आपल्या आज्या-पणज्यांचा तोडगा होता. आम्ही विज्ञाननिष्ठ तरुणांनी त्याची पुष्कळ टिंगल केली. आता मला वाटते, त्यातला गुण जिलेबीचा नसेल, पहाटे पोटात काहीतरी जाण्याचा असेल. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो धापा टाकत, उपाशीपोटी, उपदेश ऐकायला पोहोचला. भगवंतांनी त्याच्यासाठी सभा थांबवून ठेवली होती. आधी त्याला जेवू घालावयास लावले आणि मगच धम्म सांगितला. ही कथा मी परिपाठात अनेकदा सांगितली आहे. नाश्ता बंद केलेल्या मुलांनाही सांगितली आहे.

याच ओघात एक नाजूक गोष्ट. वर्षावासात आपल्या मुली हौसेने उपोसथ धरतात, सुट्टीत मुले श्रामणेर शिबिरांना जातात, आणि दुपारनंतर अन्न वर्ज्य असते. ज्याला हा आजार नाही त्याने अवश्य धरावे. परंतु ज्याला आहे त्याला श्रद्धेच्या नावाखाली उपाशी ठेवू नये. विनयात आजारी भिक्खूसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ हे भैषज्य म्हणून अवेळीही घेण्याची मुभा आहे. आपण विनयापेक्षा कडक होण्याचे कारण नाही.

झोपेचा प्रश्न याहून अवघड, कारण तो आपल्या अभिमानाशी जोडलेला आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे लवकर जाग येत नाही. हा आळस नव्हे, ही वाढ आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो लहान मुलांच्या झोपेसाठी. चौथीपुढच्यांची झोप त्यात मोजली गेली नाही. आपल्या वसतिगृहात दहावीची मुले रात्री अकराला झोपतात आणि पहाटे पाचच्या घंटेला उठतात. सहा तास.

आणि अठरा तासांचा अभ्यास. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचीत, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती सांगितली पाहिजे. परंतु हिशेब साधा आहे : अठरा तास वाचल्यावर दिवसाचे सहा तास उरतात आणि त्यांत आंघोळ, जेवण आणि झोप बसवावी लागते. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहिले ते खिशात पैसे नव्हते म्हणून. तो त्यांच्या परिस्थितीचा भाग होता, अभ्यासाची पद्धत नव्हती. उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना किती गांजले, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी उभ्या केलेल्या कामाचा आरंभही पाहण्यासारखा आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. मुलांना वेळेवर दोन घास, दिव्याचा उजेड आणि अंग टाकायला जागा मिळाली तर ती शिकतील, हा त्यामागचा विचार मी समजतो. हा उपक्रम बंद करा असे मी म्हणत नाही. अठरा तास दोन दिवसांत वाटा, दर दीड तासाने उठू द्या, जेवणाची वेळ चुकवू नका, आणि ज्याच्या वहीत या आजाराची नोंद आहे त्याला न विचारता सूट द्या. हे बोलल्यावर माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांनी माझ्या निष्ठेविषयी शंका घेतली. घेवोत.

जयंतीच्या मिरवणुकीबद्दलही तेच. तेराच्या मध्यरात्रीचे अभिवादन, मग अर्धवट झोप, एप्रिलचे ऊन, डीजेच्या भिंती, आणि मिरवणूक पोहोचेपर्यंत जेवण नाही. तात्कालिक कारणांचा आख्खा रकाना आपण एका दिवसात भरतो. मग एखादी मुलगी रस्त्याच्या कडेला डोके धरून बसली की बायका लिंबूपाणी देतात आणि म्हणतात, ऊन लागले.

मुलींविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात या आजाराचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. पाळी सुरू झाल्यावर ते मुलींमध्ये वाढते आणि प्रौढ स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. पाळीच्या आसपास शरीरातील इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, हे त्याचे एक निमित्त. पण आमच्या अधीक्षिकाबाईंनी दाखवून दिलेले दुसरे निमित्त कोणत्याही संप्रेरकाचे नाही. त्यांनी वहीचा तोच प्रयोग मुलींच्या वसतिगृहात केला, तेव्हा पाण्याच्या रकान्यात दिवसाकाठी दोन पेले, तीन पेले अशा नोंदी आल्या. मुली तहान मारीत होत्या. शाळेच्या इमारतीत मुलींसाठी धड कडी असलेली दोनच स्वच्छतागृहे, तीही मैदानापलीकडे. दुपारी तिथे पाणी नसे. पाळीच्या दिवसांत तर मुली सकाळपासून पाणी तोडीत. ज्या समाजाने १९२७ मध्ये महाडला पाण्याच्या ओंजळीसाठी मार खाल्ला, त्या समाजाच्या शाळेत पाण्याचा माठ भरलेला आहे आणि मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसली आहे. मी त्या दिवशी फार वेळ ती वही मिटू शकलो नाही.

खाण्याच्या पदार्थांबद्दल लोक फार विचारतात. चॉकलेट, चीज, चायनीज गाड्यांवरचे पदार्थ यांची नावे घेतली जातात. काहींना त्यांनी होतही असेल, पण सरसकट बंदी घालण्याइतका भक्कम आधार नाही. शिवाय झटक्याच्या आधी गोड खाण्याची इच्छा होणे हे त्याचेच पूर्वलक्षण असू शकते, आणि आपण उगीच चॉकलेटला आरोपी करतो. कोला आणि तरतरी देणारी डबाबंद पेये मात्र या वयात नकोत. घरी दिवसातून चार वेळा चहा पिणारे मूल वसतिगृहात येऊन एकदम चहा सोडते, तेव्हाही डोके उठू शकते. विहारातील अगरबत्तीचा धूर कुणाला सोसत नसेल तर त्याला दाराशी बसू द्यावे. मोबाइलबद्दल सगळे जण लिहितातच.

औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनी द्यावयाची आहेत. दोन गोष्टी मात्र प्रत्येक पालकाला ठाऊक असाव्यात. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच घेतली तर उपयोगी पडते. अधीक्षकांच्या कपाटातील कुलूपबंद गोळी दोन तासांनी मिळाली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि तीच गोळी आठवड्यातून चार-पाच दिवस घेतली जाऊ लागली तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. रोज घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधांविषयी २०१७ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी काहींना दोन प्रचलित औषधांपैकी एक, तर काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले, आणि औषधाचे गट बिनऔषधाच्या गटाच्या पुढे गेले नाहीत. औषध निरुपयोगी, असा याचा अर्थ मी काढत नाही. मुलाचे दुखणे कुणीतरी खरे मानले, त्याची नोंद ठेवली, त्याची नियमित विचारपूस झाली, यालाही काही वजन असावे, एवढेच मला वाटते.

डोकेदुखी अचानक आणि आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र असेल, सोबत ताप आणि मान ताठरणे असेल, हातापायांत अशक्तपणा येत असेल, डोक्याला मार लागल्यानंतर दुखत असेल, किंवा रोज पहाटे उलटीसह जाग येत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. ती अर्धशिशी नसेल.

डोकेदुखी ढोंग आहे असे मानण्याची परंपरा आपली नाही, हेही इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगितले पाहिजे. तक्षशिलेहून परतणाऱ्या तरुण जीवकाने साकेत नगरीत तपासलेली पहिली रुग्ण ही एका श्रेष्ठीची पत्नी होती. तिचे डोके सात वर्षे दुखत होते आणि मोठमोठे वैद्य द्रव्य घेऊन हात हलवीत निघून गेले होते. पिलिंदवच्छ स्थविरांच्या मस्तकशूळासाठी भगवंतांनी आधी डोक्याला तेल लावण्याची मुभा दिली, त्याने भागले नाही तेव्हा नाकात औषध घालण्याची, तेही पुरले नाही तेव्हा औषधी धुराची. दर वेळी स्थविरांनी सांगितले आणि दर वेळी ते खरे मानले गेले.

तो मुलगा आता तिशीच्या आसपास आहे. मागच्या मेळाव्यात भेटला. मी त्या शेऱ्याचा विषय काढला. प्रगतिपुस्तक त्याला आठवत नव्हते. सभागृहातले हसणे आठवत होते. त्याच्या मुलीला आता तोच त्रास सुरू झाला आहे, आणि तिची वही तो स्वतः लिहितो.

यंदाच्या वर्षारंभापासून माझ्या वर्गात टेबलाच्या खणात तशा वह्या ठेवल्या आहेत. सकाळी साडेपाचला प्रत्येकाला एक गूळपापडीची वडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ द्यावेत, दहावीची पहाटेची घंटा सहावर न्यावी, आणि खोलीतला एक पलंग अंधाऱ्या कोपऱ्यात रिकामा ठेवावा, असे तीन ठराव मी शाळा समितीपुढे मांडले आहेत. पहिला मंजूर झाला. दुसऱ्यावर निकालाचे काय, असे विचारले गेले. तिसरा पुढील बैठकीत येईल.

माजी विद्यार्थी संघ प्रवेशद्वारी भव्य कमान उभारण्यासाठी निधी गोळा करीत आहे, हे आपण जाणताच. माझी वर्गणी मी दिली आहे, पण पावतीवर ‘मुलींच्या स्वच्छतागृहासाठी’ असे लिहून मागितले. खजिनदार म्हणाले, गुरुजी, असे खातेच नाही. मी म्हटले, उघडा. पावती अजून आलेली नाही. ज्यांनी अद्याप वर्गणी पाठवलेली नाही, त्यांनी पाठवताना तेवढी एक ओळ सोबत लिहावी.